रानटर्कीची हांक आणि तिचे कारागीर

शिकारीचा इतिहास लिहिणाऱ्यांनीं आजवर सारा मान हत्याराला दिला आहे. भाला, धनुष्य, तोड्याची बंदूक, काडतुसाची बंदूक अशी परंपरा लावली कीं आपलें काम झालें असें त्यांस वाटतें. परंतु हत्यार चालविण्यापूर्वीं सावज टप्प्यांत यावें लागतें, आणि तें कसें आणावें या प्रश्नाचीं निरनिराळ्या देशांतील लोकांनीं जीं उत्तरें शोधून काढलीं, तीं हत्यारांहून कितीतरी अधिक बुद्धीचीं व मनोरंजक आहेत. कोणी पाणवठ्यावर दबा धरून बसतो, कोणी हांकारे घालून रान उठवितो, कोणी पाळीव जनावराच्या आड लपत जवळ जातो. आणि कोणी सावजाच्याच भाषेंत त्याला हांक मारतो. या शेवटच्या प्रकाराचा विकास उत्तर अमेरिकेंतील रानटर्कीच्या शिकारींत जितका झाला तितका क्वचितच कोठें झाला असेल. तेथें या हांकेचीं वाद्यें घडविणारे कारागीर झाले, तीं वाजवून दाखविणारे गुरु झाले, पेटंटें निघालीं, ग्रंथ झाले, चढाओढी सुरू झाल्या. बंदुकीचा बार एका क्षणाचा. त्याच्या आधीं कधीं कधीं तास दोन तास चालणारा हा जो संवाद, त्याचाच वृत्तांत येथें सांगावयाचा आहे.

प्रथम त्या पक्ष्याची ओळख करून घेतली पाहिजे, कारण आपल्याकडे त्याचें नांव नाताळच्या मेजवानीच्या संबंधानेंच ऐकूं येतें. टर्की हा मूळचा अमेरिका खंडाचा. मेक्सिकोंतील लोकांनीं त्याला फार प्राचीन काळीं माणसाळविलें, व सोळाव्या शतकाच्या आरंभीं स्पॅनिश लोकांनीं तो युरोपांत नेला. मग त्याच्या नांवाचा मोठा गोंधळ उडाला. इंग्रजांनीं त्याला तुर्कस्तानचा ठरविलें. तुर्कांनीं त्याला ‘हिंदी’ म्हटलें. फ्रेंचांचें ‘दँद’ हें नांवही हिंदुस्थानावरूनच पडलेलें. आणि पोर्तुगीज त्याला ‘पेरु’ म्हणूं लागले. आपण तो शब्द एका फळासाठीं राखून ठेवला आहे ही गोष्ट निराळी! ज्या मेक्सिकोनें हा पक्षी जगाला दिला, त्याचें नांव मात्र कोणीच घेतलें नाहीं. हिंदुस्थानांत तो पोर्तुगीजांच्या गोव्यामार्गें आला. १६१२ सालीं मुकर्रबखान यानें गोव्याच्या बंदरांत खरेदी केलेल्या नवलाच्या वस्तु जहांगीर बादशहापुढें आणल्या, त्यांत हा पक्षी होता. बादशहानें आपल्या आत्मवृत्तांत त्याचें वर्णन मोठ्या बारकाईनें केलें आहे. मोराप्रमाणें पिसारा फुलविणें, डोक्याचे व गळ्याचे पालटणारे रंग, चोंचीवर लोंबणारा व पुन्हां आखडणारा मांसाचा तुरा, यांपैकीं कांहीं त्याच्या नजरेंतून सुटलें नाहीं. उस्ताद मन्सूर यानें काढलेलें त्याचें चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयांत आहे. पण तो पाळीव पक्षी. त्याचा रानटी भाऊबंद निराळ्याच योग्यतेचा आहे. ऑड्युबॉन यानें आपल्या अमेरिकन पक्ष्यांच्या भव्य चित्रसंग्रहांत पहिलें पान दिलें तें रानटर्कीच्या नरालाच. आणि बेंजामिन फ्रँकलिन यानें १७८४ सालीं आपल्या मुलीला लिहिलेल्या पत्रांत गरुडापेक्षां या पक्ष्याची अब्रू मोठी ठरविली, हें पुष्कळांच्या वाचनांत आलें असेल.

रानटर्कीचा नर आठ दहा किलो वजनाचा असतो, आणि एवढें धूड असूनही रात्रीं उंच झाडावर बसून झोंपतो. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंस असल्यामुळें मान किंचित् फिरवितांच त्याला सभोंवारचें दिसतें. पापणी हालली तरी त्याच्या ध्यानांत येतें असें शिकारी म्हणतात, व त्यांत अतिशयोक्ति फारशी नाहीं. कानाचा तर तो इतका तिखट कीं दूरच्या टेकडीवरून आलेली एक हांक ऐकून ती कोणत्या झाडाच्या बुंध्यापासून निघाली हें तो बरोबर हेरतो. वसंतऋतु लागला कीं पहांटे झाडावरूनच त्याचा गडगडाटी आवाज सुरू होतो. त्याचा हेतु असा कीं रानांतील माद्यांनीं तो ऐकावा आणि त्याच्याकडे जावें. निसर्गाचा क्रम हा आहे: नरानें ओरडावें, मादीनें चालावें. शिकारी हा क्रम उलटा करूं पाहतो. तो मादीच्या आवाजांत उत्तर देतो आणि नरानें आपल्याकडे चालत यावें अशी अपेक्षा करतो. या विद्येंतील सारी अडचण, आणि सारी गोडीही, या एका उलटेपणांतून निघाली आहे. नर पुष्कळदां शंभर पावलांवर येऊन थबकतो, पिसारा फुलवून उभा राहतो आणि वाट पाहतो; कारण त्याच्या समजुतीप्रमाणें उरलेली वाट मादीनें चालावयाची असते.

मादीची भाषाही साधी नाहीं. फ्लॉरिडांतील पक्षिशास्त्रज्ञ लव्हेट विल्यम्स यानें आयुष्याचीं कैक वर्षें रानटर्कीच्या बोलण्याचा अभ्यास करण्यांत घालविलीं. या पक्ष्याच्या आवाजाचे त्यानें सुमारें अठ्ठावीस प्रकार नोंदले आहेत. शिकाऱ्याला त्यांतले चार सहा पुरतात. ‘येल्प’ ही नेहमींची हांक: उंच, बारीक सुरानें उठून खालच्या खरखरीत सुरांत मोडणारी, व लागोपाठ चार सात वेळां येणारी. ‘क्लक’ हा तुटक एकेरी शब्द, ‘मी इथें आहे’ एवढ्याच अर्थाचा. चरतांना समाधानानें केलेली घरघर ती ‘पर’. चुकलेल्या पिलाची शीळ ती ‘की-की’. शरद ऋतूंत थवा उधळून देऊन मग हीच शीळ घालून त्याला परत बोलाविण्याची जुनी पद्धत आहे. आणि एक शब्द असा कीं तो चुकूनही तोंडून जातां कामा नये: ‘पुट’. तो धोक्याचा इशारा. क्लक आणि पुट यांत नवख्या कानाला भेद कळतही नाहीं. पक्ष्याला मात्र तो पक्का कळतो, आणि एका चुकलेल्या ठोक्यानें सकाळभराची मेहनत फुकट जाते.

या भाषेचें सर्वांत जुनें वाद्य पक्ष्याच्याच देहांतून निघालें. टर्कीच्या मादीच्या पंखांतील पोकळ हाडें उकळून, आंतील मगज काढून, टोकें कापून एकांत एक बसवावयाचीं: सर्वांत बारीक हाड ओठाशीं, त्याहून मोठें मध्यें, व दंडाचें रुंद हाड कर्ण्यासारखें शेवटीं. यांत फुंकर मारावयाची नसते. ओठ मिटून, मुका घेतल्यासारखा आवाज करीत श्वास आंत ओढावयाचा असतो. हें साधन अमेरिकेच्या मूळ रहिवाशांचें. गोऱ्या वसाहतवाल्यांनीं तें त्यांच्यापासून उचललें. ऑड्युबॉननें १८३१ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत पंखाच्या हाडांतून हवा ओढून मादीचा आवाज काढण्याची ही युक्ति वर्णिली आहे, आणि नकली सूर ओळखण्यांत हा पक्षी फार हुशार असल्यामुळें वाजविण्यांत चूक होतां कामा नये असें बजाविलेंही आहे. पुढें पेटंटांच्या दप्तरांत पुष्कळांचीं नांवें चढलीं. परंतु ज्यांनीं हाडांतून प्रथम हा सूर काढला त्यांच्यापैकीं एकाचेंही नांव आज कोणास सांगतां येणार नाहीं.

या नळीचा श्रेष्ठ आचार्य चार्ल्स जॉर्डन. हाडाला वेताची जोड देऊन त्यानें बनविलेली नळी आजही त्याच्याच नांवानें ओळखली जाते. टर्कीच्या चालीरीतींविषयीं त्यानें आयुष्यभर टिपणें केलीं. उतारवयांत तो लुईझियानांतील एका खासगी राखीव रानाचा व्यवस्थापक होता, आणि तेथेंच १९०९ सालीं एका चोरट्या शिकाऱ्याच्या गोळीला बळी पडला. त्याचीं टिपणें व फोटो एडवर्ड मॅकइल्हेनी यानें मिळविले. हें घराणें ‘टबॅस्को’ या तिखट रशाबद्दल जगप्रसिद्ध आहे. त्या सामग्रीवरून त्यानें १९१४ सालीं रानटर्की व तिची शिकार या विषयावरील ग्रंथ सिद्ध केला. ज्या माणसानें पक्ष्यांस फसविण्याची कला पूर्णत्वास नेली तो त्यांच्याच रक्षणाच्या कामीं मरावा, यांत कोणास विसंगति वाटेल. पण पुढें जें सांगावयाचें आहे त्यावरून ती विसंगति खरी नाहीं असें दिसून येईल.

नळी वाजविणें सर्वांस साधत नाहीं. सामान्य माणसाच्या हातांत ही विद्या आणली ती पेटीनें. आर्कान्सासमधील डार्डानेल गांवच्या हेन्री गिब्सन यानें १८९७ सालीं हिचें पेटंट घेतलें. लांबट, अरुंद, वरून उघडी लांकडी पेटी. तिच्या बाजूच्या फळ्या पातळ तासलेल्या. वर एका खिळ्यावर फिरणारें दांडीचें झाकण. झाकणाच्या पोटाला खडू लावून तें फळीच्या कडेवर ओढलें कीं लांकूड लांकडावर घासून नेमका मादीचा सूर निघतो. सारंगीच्या गजाला राळ लागते, तसा हा खडू. पण तो साधा पाहिजे. मेणाचा किंवा तेलाचा अंश असलेला खडू लागला कीं पेटी मुकी होते. गिब्सननंतर शेंकडों कारागीर झाले, परंतु पेटीचा मूळ सांचा फारसा बदलला नाहीं.

पेटीचा प्रसार ज्यानें केला तो अलाबामांतील बर्मिंगहॅमचा एम. एल. लिंच. १९४० च्या सुमारास त्यानें पेट्या करण्यास आरंभ केला, आणि गांवोगांव हिंडून दुकानाच्या दारांत स्वतः वाजवून त्या विकल्या. ‘अडाण्यालाही साधेल’ अशा अर्थाचें नांव त्यानें आपल्या पेटीला दिलें होतें. अर्थात् विकणाऱ्याचें बोलणें आपण विकणाऱ्याचें म्हणूनच घ्यावयाचें असतें. त्या पिढीनंतर दक्षिण कॅरोलायनांतील ग्रीनवुडचा नील कॉस्ट या कलेचा शिरोमणि मानला गेला. व्हायोलिन घडविणाऱ्या स्ट्रॅडिव्हॅरियसची उपमा त्याला त्याच्या देशबांधवांनींच दिली. त्याच्या हातच्या पेट्या आज संग्राहक हजारों डॉलर देऊन घेतात, आणि कांचेच्या कपाटांत ठेवतात. जी वस्तु पहांटेच्या दंवांत वाजविण्यासाठीं घडली तिनें दिवाणखान्यांत मुकें बसावें, हा मान कीं शिक्षा याविषयीं आम्हांस शंका आहे.

तिसरें वाद्य पाटीचें. ज्यांनीं लहानपणीं दगडी पाटीवर पेन्सिल ओढून शेजारच्या मुलाच्या अंगावर शहारे आणले आहेत, त्यांना याचें तत्त्व वेगळें समजावून सांगावयास नको. पाटीचा लहानसा तुकडा हाताच्या ओंजळींत धरून त्यावर लांकडी खुंटी घासावयाची. खुंटीला मूठ म्हणून मक्याचें कणीस, दाणे काढलेलें, बसविण्याची जुनी चाल होती. पुढें पाटीखालीं पोकळ वाटी आली, आणि पाटीच्या जागीं कांच व अ‍ॅल्युमिनियमही आलें. वाटी तळहातावर टेकवूं नये, बोटांच्या टोकांवर धरावी, म्हणजे तिच्या पोटांतील नाद कोंडत नाहीं. खुंटी पेन्सिलीसारखी किंचित् तिरपी धरून लहान लहान लांबट वर्तुळें काढावयाचीं. कडेकडे सूर चढा, मध्याकडे उतरता. समाधानाची हलकी घरघर या वाद्यावर जशी निघते तशी दुसऱ्या कशावरही निघत नाहीं.

चौथें तोंडांत बसणारें. घोड्याच्या नालाच्या आकाराची बारीक चौकट, तिच्यावर ताणलेली पातळ रबराची पडदी. ती टाळूला चिकटवून जीभ आणि रबर यांमधून छातींतला वारा सोडावयाचा. जबडा खालीं सोडला कीं उंच सूर खालच्या सुरांत मोडतो, आणि तोच येल्प. पडद्या एकीवर एक दोन तीन लावतात, व वरचीला कातरून चीर दिली कीं आवाजांत मादीची खरखर येते. आरंभीं बहुतेकांना उमासे येतात, आणि पहिले पंधरा दिवस घरांतल्या मंडळींची सहनशीलता पाहणारे असतात. परंतु हें साधल्यावर दोन्ही हात मोकळे राहतात, आणि ज्या पक्ष्याला बोट हाललेलें दिसतें त्याच्यापुढें ही फार मोठी सोय आहे.

मग नवशिक्यानें कोणतें घ्यावें? आमच्या मतें पेटी. एक तर पहिल्याच दिवशीं तिच्यावर ओळखूं येईल असा सूर निघतो, आणि दुसरें म्हणजे ती ताल शिकविते. झाकण दाबावयाचें नाहीं, त्याच्या स्वतःच्या वजनानें चालूं द्यावयाचें. दोन हांकांच्या मध्यें तें कडेवरून उचलावयाचें नाहीं. एवढें पाळलें तर आठवड्याभरांत येल्प बसतो. वाऱ्याच्या दिवशीं पेटीचा आवाज दूर जातो. पावसांत मात्र ती निरुपयोगी. पाटी जवळच्या, मृदु संभाषणासाठीं. तोंडांतील पडदी शेवटच्या पन्नास पावलांसाठीं. पंखहाडाची नळी ज्याला वेळ आहे व हट्ट आहे त्यानें शिकावी. मुरलेले शिकारी दोन तीन वाद्यें बरोबर बाळगतात, कारण एका आवाजाला न भुलणारा नर दुसऱ्याला भुलतो. परंतु वाद्यापेक्षां ताल मोठा, हें सारे जाणते एकमुखानें सांगतात. सूर थोडा बेसूर झाला तर पक्षी क्षमा करतो, कारण खऱ्या माद्यांतही कित्येकींचे आवाज भसाडे असतात. पण हांकांमधील अंतर चुकलें तर तो क्षमा करीत नाहीं. म्हणून गुरु करावयाचा तर रानांतल्या मादीलाच करावा.

याहून कठीण शिकवण गप्प बसण्याची. नवशिका एकदां हांकेला उत्तर मिळालें कीं थांबत नाहीं; आपलेंच वाजविणें त्याला गोड लागतें. जाणता शिकारी उत्तर मिळाल्यावर वाद्य खालीं ठेवतो. मघाशीं सांगितलेला शंभर पावलांवर थबकलेला नर पुष्कळदां हांकांनीं येत नाहीं, मौनानें येतो. मादी आपणास सोडून गेली असें वाटून तो चौकशीला निघतो. या विद्येंत जिवाचा धोकाही आहे. जो मनुष्य रानांत झुडुपाच्या रंगाचे कपडे घालून, निश्चळ बसून, हुबेहूब टर्कीसारखा बोलतो त्याला दुसरा शिकारी टर्कीच समजण्याचा संभव असतो, आणि अशा समजुतीनें माणसें मेलीं आहेत. म्हणून पाठीशीं आपल्या खांद्यांहून रुंद झाड असावें, अंगावर तांबडा, पांढरा किंवा निळा कपडा नसावा, कारण नराच्या डोक्याचे रंग तेच, आणि नराचा गडगडाट स्वतः काढूं नये, असे नियम तेथें शिकवितात.

आतां जॉर्डनच्या मरणाची गोष्ट पुन्हां घेऊं. ज्या काळांत त्याची नळी व गिब्सनची पेटी नांवारूपास आली त्याच काळांत त्या देशांतून रानटर्की नाहींशी होत होती. रानें तुटलीं, बाजारासाठीं बारमाही शिकार झाली. मॅसॅच्युसेट्समधील अखेरची रानटर्की १८५१ सालीं मारली गेली. पुढें १९०४ पासून चेस्टनट झाडांवर पडलेल्या रोगानें त्यांचें एक मोठें खाद्यही गेलें. विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकांत ती दक्षिणेंतील दलदलींत व अवघड डोंगरांत तेवढी उरली. वाद्यें सुधारत गेलीं आणि ऐकणारा कान उरला नाहीं, अशी वेळ जवळ आली होती. मग १९३७ सालीं पिटमन-रॉबर्टसन कायदा झाला, व बंदुका आणि काडतुसें यांवरील कराचा पैसा वन्य प्राण्यांच्या संगोपनाकडे वळला. पाळलेल्या टर्कीचीं पिलें रानांत सोडून पाहिलीं. तीं जगलीं नाहींत. आईपासून भय शिकलेलें नसलें तर पिलूं रानांत टिकत नाहीं. अखेर १९५१ सालीं दक्षिण कॅरोलायनांत तोफेसारख्या नळ्यांनीं जाळें उडवून खरे रानटी पक्षी धरण्याची युक्ति साधली, आणि ते पक्षी ओसाड पडलेल्या रानांत नेऊन सोडतां येऊं लागले. १९७३ सालीं या कामासाठीं राष्ट्रीय रानटर्की संघ स्थापन झाला. पुढील तीस वर्षांत पक्ष्यांची संख्या साठ लाखांवर गेली. हें काम ज्यांच्या पैशानें व श्रमानें झालें त्यांत पहांटे झाडाखालीं बसून हांक मारणारे बहुसंख्य होते. ज्याची भाषा शिकण्यांत माणसानें दहा वर्षें घालविलीं तो पक्षी मरूं द्यावयास त्याचें मन सहज तयार होत नाहीं, एवढाच याचा अर्थ आम्ही करतों. यापेक्षां अधिक पुण्य त्यांच्या पदरांत घालण्याचें कारण नाहीं. अलीकडे दक्षिणेकडील कांहीं राज्यांत संख्या पुन्हां उतरूं लागली आहे, व माद्या अंड्यांवर बसेपर्यंत नरांना मारूं नये म्हणून कित्येक राज्यांनीं शिकारीचा हंगाम पुढें ढकलला आहे.

प्रीतीच्या हांकेनें जीव घेणें हें योग्य कीं अयोग्य, हा प्रश्न आपल्या वाचकांस सुचल्यावांचून राहणार नाहीं. भागवताच्या एकादश स्कंधांत अवधूतानें जे चोवीस गुरु सांगितले त्यांत व्याधाच्या गीताला भुलणारें हरिण आहे, आणि एकनाथांच्या टीकेमुळें तें मराठी घरांत पोंचलेलें आहे. तेथें उपदेश हरिणाला आहे, व्याधाला नाहीं. आमचें लक्ष मात्र व्याधाकडे जातें, कारण तो आपल्याकडेही होता. महाराष्ट्रांतील फासेपारधी तित्तिराचा आवाज असा हुबेहूब काढीत कीं रानांतले तित्तिर उत्तर देत. पाळलेला तित्तिर पिंजऱ्यांत ठेवून त्याच्या हांकेवर दुसरे धरण्याची त्यांची रीत प्रसिद्ध आहे. विद्या तीच, कान तोच, धीरही तोच. परंतु एकीकडे या विद्येला पेटंट व बक्षिसें मिळालीं, आणि दुसरीकडे, १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्यापासून सुरू झालेल्या धोरणांत, विद्यावंतांचीं नांवें पोलिसांच्या दप्तरांत चढलीं. ते कायदे १९५२ सालीं रद्द झाले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर त्यांचा धंदाही कायदेशीर राहिला नाहीं, आणि तसें होणें पक्ष्यांच्या दृष्टीनें अवश्यच होतें. पण त्या कंठांतली तित्तिराची भाषा कोणी टिपून ठेवावी, निदान एखाद्या विल्यम्सनें तिचे प्रकार मोजावे, असें कोणाच्या मनांत फारसें आलें नाहीं.

अमेरिकेंत हांकेच्या चढाओढी दर वर्षीं भरतात. आर्कान्सासमधील येलव्हिल गांवची जत्रा १९४६ पासूनची. राष्ट्रीय संघाची स्पर्धा सर्वांत मानाची. स्पर्धक व्यासपीठावर उभे राहून सांगितलेली हांक देतात: झाडावरची पहांटेची, चुकलेल्या पिलाची, समाधानाची. परीक्षक पडद्याआड बसतात, म्हणजे वाजविणारा कोण व वाद्य कोणतें हें त्यांना दिसत नाहीं. त्यांनीं फक्त ऐकावयाचें आणि आंकडे मांडावयाचे. रानांतली खरी मादी या पडद्यापुढें आणून उभी केली तर ती पहिल्याच फेरींत बाद होईल, असें तेथील जुने शिकारी हंसत सांगतात.